कारण न सांगता पुसलेल्या ओळी

दिनेश,

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. समोर एक म्हातारे गृहस्थ पासबुक छापून घ्यायला उभे होते. सुजाताचा फोन आला, "आई, दिनेशमामा गेला." मी त्यांचं पासबुक छापून दिलं, त्यांच्या मागच्या बाईंचंही दिलं, आणि मग आतल्या खोलीत जाऊन बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "आता भांडू कोणाशी?" पाणी घेऊन आलेल्या सहकारी मुलीला वाटलं, नवऱ्याबद्दल बोलते आहे. ती बिचारी दारातूनच परत फिरली.

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत आहेत. दुखणं अंगावर घेऊन दुसऱ्यांसाठी झटला, म्हणतात. खरं आहे ते, आणि ते सांगायला माणसं भरपूर आहेत. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि माझा आवाज गोड निघणार नाही. गोड आवाजाच्या माणसांवर तुझा तसाही विश्वास नसायचा.

सुजाता लहान होती तेव्हाची गोष्ट. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात ती पाय पोटाशी धरून ओरडत होती. सिकलसेल म्हणजे काय हे तोवर मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात, हे मी तुझ्याकडून ऐकलं. तू बाजूच्या खाटेवर होतास. हाताला सलाइन, डोळे पिवळे, मांडीवर जुना लॅपटॉप. एक तरुण डॉक्टर सुजाताकडे बघून म्हणाला, "इतकं काय रडते?" तू खाटेवरूनच म्हणालास, "डॉक्टर, तुम्ही तिच्या हाडात जाऊन पाहून आले काय?" डॉक्टर चिडला, पण दुखणं थांबवायचं इंजेक्शन त्या दिवशी लवकर आलं. मग तू माझ्याकडे वळून म्हणालास, "ताई, आपल्या लोकायले आधी दुखावं लागते, आन् मग दुखते म्हणून पटवावं लागते. दुसरं काम जास्त जड हाय."

त्या लॅपटॉपवर तू 'विळा' बांधत होतास. आमच्यासारख्यांनी इंटरनेटवर एकमेकांना विचारायची, सांगायची जागा. मी तुला विचारलं होतं, त्यानं काय होणार? तू म्हणालास, "रात्र कशी काढली ते एकानं लिहिलं, तर दुसऱ्याची थोडी सोपी जाईन." त्याच आठवड्यात मी नाव नोंदवलं, आणि वर्ष सरायच्या आत तू मला देखरेखीला बसवलंस. लिहून आलेलं सगळं वाचायचं, काय राहू द्यायचं, काय काढायचं ते बघायचं. तेव्हापासून मी 'ताई'ची 'रंजना' झाले.

तुझे नियम थोडेच होते. कोणाचा फोन नंबर, घरचा पत्ता उघडा पडला तर काढायचा. शिवीगाळ काढायची. बाकी काही पुसायचं नाही. आणि पुसलंच, तर त्याच जागी लिहायचं, कोणी पुसलं आणि काहून पुसलं. "नाव आणि कारण," तू म्हणायचास, "हे दोन नसले का मग आपल्यात अन् त्या वॉर्डातल्या साहेबात काय फरक?" मी बँकेतली बाई, मला नियम आवडतात. तुझे तर फारच आवडले.

ज्यांना टंकता येत नव्हतं त्या बाया फोन करायच्या आणि आपण दोघं लिहून घ्यायचो. तुझी सक्त ताकीद होती की बाई सांगेल तसंच उतरवायचं. एक निवृत्त मास्तर आपल्यात आले होते, मनानं फार चांगले. त्यांनी एकदा सगळ्यांचं शुद्धलेखन तपासून द्यायची तयारी दाखवली. 'मले' चं 'मला' करू म्हणाले, वाचणाऱ्याला बरं पडेल. तू त्यांना उत्तर लिहिलंस: "सर, कळवळून कोणी प्रमाण भाषेत ओरडते काय?" मास्तर आठवडाभर रुसले, आणि मग स्वतःच्या नातवाबद्दल त्यांनी लिहिलं ते अस्सल वऱ्हाडीत.

कांताबाई अशीच फोनवरून आली. भिवापूरच्या जवळच्या खेड्यातली, मिरचीचे देठ खुडायच्या कामाला जाणारी. बोलता बोलता तिला खोकला यायचा, आणि त्या खोकल्यावरून मला कळायचं की ती कामावरूनच बोलते आहे. तिची मुलगी पायल, सुजाताच्याच वयाची. पुढे पायल आईच्या फोनवरून स्वतःच लिहायला लागली. तिचं एक लिहिणं मला आजही पाठ आहे: "आज लय थंडी हाय. माह्ये हाडं बोलून राहिले. आई म्हणते सुटर घाल. मी म्हटलं हाडाले सुटर कुठून आणू." त्याखाली तू लिहिलं होतंस, "विटकर गरम करून फडक्यात बांध, अन् हाडाले म्हणा घे, हे तुह्यं सुटर." सुजाता ते वाचून पोट धरून हसली होती, आणि त्या दिवशी तिलाही दुखत होतं.

पायल गेली तेव्हा तिचं बारावीचं वर्ष होतं. कांताबाई बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा फोन आला. "ताई, तिनं तिथं लिहिलेलं हाय ना, ते हाय अजून?" मी म्हटलं, आहे. "मंग ठीक हाय. माह्या भाचीले म्हणतो वाचून दाखव." महिन्या-दोन महिन्यांनी ती ते वाचून घ्यायची. घरात पायलचा फोटो होता एक, शाळेतला, ओठ मिटलेला. बोलणारी पायल फक्त 'विळा'वर होती.

मधे आपलं एक भांडण झालं होतं. ते कधी मिटलं नाही, आणि आता मिटायचंही नाही. उमरेड रोडकडचा एक चूर्णवाला आपल्यात शिरला आणि लिहिलं, दवाखान्याच्या गोळ्या बंद करा, माझं चूर्ण घ्या. मी म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता काढ. तू म्हणालास, "नाही. खाली लिहू आपण, खोटं हाय म्हणून."

"लोक वरचं वाचतात दिनेश, खालचं वाचत नाहीत."

"मंग खालचं वाचाले शिकवू. इथं पुसलं तर तो दुसरीकडं लिहीन, तिथं तू खाली लिहाले जाशीन काय?"

"कोणाच्या लेकराचं बरंवाईट झालं तर?"

"अन् उद्या तुले कोणाचं आवडलं नाही, तर त्याले बी पुसशीन? कोण ठरवीन, रंजना?"

गोंदियाकडच्या एका बापानं खरंच गोळ्या थांबवल्या आणि पोराला ॲडमिट करावं लागलं. पोरगं वाचलं. मी तुला फोन केला, आता तरी पुस म्हटलं. तू रडत होतास, मला ऐकू येत होतं. पण पुसलं नाहीस. त्या मजकुराच्या डोक्यावर लाल पट्टी लावलीस, "हे खोटं आहे, यानं एक मूल दवाखान्यात गेलं, काहून ते खाली वाचा." मला आजही वाटतं की तुझं चुकलं होतं. पण चुकलेल्या माणसाचाही एक आधार असतो. तू कोणाचंच तोंड बंद करत नव्हतास, अगदी त्या चूर्णवाल्याचंही नाही. म्हणून तुझ्यासमोर कोणीही तोंड उघडत असे. या एका गोष्टीसाठी मी तुझे सगळे हट्ट सहन केले.

आणि मग एका सकाळी 'विळा' उघडला तर रंग बदललेला. वर एका हसऱ्या गोऱ्या बाळाचा फोटो. नावापुढे 'केअर' लावलेलं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात मिहानमधल्या एका कंपनीचं नाव. खाली एक चौकट: 'आपला अनुभव आमच्याकडे सुरक्षित आहे. पुढे वाचण्यासाठी सदस्यत्व घ्या.' मला वाटलं, कोणी घुसलं आत. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. पुन्हा लावला. तोवर दुसरीकडून लोकांचे फोन सुरू झाले होते, आणि त्यात कांताबाईचा होता.

"ताई, काय झालं वं हे? पोरीचं लिहिलेलं मलेच दाखवून नाही राहिलं."

मी तिला म्हटलं, काहीतरी बिघाड असेल, दिनेशभाऊंना विचारते.

मी विचारलं. तिथंच विचारलं, सगळ्यांसमोर, जसं आपण इतकी वर्षं करत आलो होतो. मी लिहिलं: "दिनेश, हे कोणाला विचारून झालं? लोकांनी लिहिलेलं लोकांनाच वाचता येत नाही. उत्तर दे." दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर ते नव्हतं. त्या जागी कोणाचं नाव नव्हतं, कारणही नव्हतं. खालची ओळ वर सरकलेली होती, जणू मी कधी काही बोललेच नाही. मी पुन्हा लिहिलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा लिहायला गेले तर मलाच दार बंद. 'आपण समुदायाच्या नियमांचा भंग केला आहे.' दिनेश, ते नियम लिहिताना मी तुझ्या शेजारी बसले होते रे.

मी स्कूटर काढली आणि शहराच्या या टोकावरून त्या टोकाला मनीषनगरला आले. तू तिथं राहायला गेल्याचं मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं होतं. लिफ्टची बिल्डिंग, खाली चौकीदार. दार तूच उघडलंस. हातात काठी होती.

"ये वं रंजना. रेखा पोराले घेऊन बाहेर गेली हाय. चहा मांडतो."

"चहा राहू दे. माझं लिहिलेलं कोणी पुसलं?"

कंपनीनं, असं तू म्हणशील असं मला वाटत होतं. मिहानच्या आयटी पार्कमधल्या काचेच्या इमारतीत बसणारा कोणी पोरगा असेल, ज्याला आपण कोण ते माहीत नाही. येताना रस्ताभर मी तुझ्या वतीनं हेच उत्तर तयार करत आले होते. तू काठी भिंतीला टेकवलीस आणि म्हणालास, "मी."

"तू?"

"हाव. मीच. पाहुणे आले होते कंपनीत, पैसा लावणारे. भांडण नको दिसाले, म्हणे."

"मी भांडत होती काय गा? मी विचारलं फक्त."

"तू विचारते, तेच त्यायले भांडण वाटते."

"मग लिहायचं ना खाली. दिनेशनं पुसलं, अन् ह्या ह्या कारणानं पुसलं."

तू खाली पाहत होतास. "तशी जागाच नाही त्यात. पुसाचं बटन हाय फक्त. कारण लिहाले काही ठेवलंच नाही त्यायनं."

मी उभीच होते. तू बसलास, कारण तुला उभं राहवत नव्हतं. मग तू सांगितलंस. खुब्याचं हाड आतून मरत चाललं होतं, खुबा बदलावा लागणार होता. आजारी माणसाला कोणी विमा देत नाही, पण नोकरी दिली की तिच्यासोबत विमा येतो. त्यांना 'विळा' हवा होता. त्यांनी तुला नोकरी दिली. "मले बी जगाचं हाय ना वं," तू म्हणालास.

तुला जगायचं होतं, त्यावरून माझा तुझ्याशी वादच नव्हता. पण दिनेश, तू एकदा विचारलं असतंस तर? 'विळा'वर एवढंच लिहिलं असतंस, की मंडळी, माझा खुबा गेला, अशी अशी मागणी आली आहे, काय करू? मी शपथेवर सांगते, पहिला फोन कांताबाईचा आला असता. "देऊन टाक भाऊ, पाय नीट कर आधी." आम्ही सगळ्यांनी आपापलं उतरवून घेतलं असतं, कांताबाईच्या भाचीनं पायलच्या ओळी वहीत लिहिल्या असत्या, आणि मग तू खुशाल द्यायचं होतंस. जन्मभर तू आम्हाला सांगत आलास की तुमच्या बोलण्याला किंमत आहे. आणि ज्या दिवशी ते विचारायची वेळ आली, त्या दिवशी तुला वाटलं आम्ही नाही म्हणू. विकलंस हे मी गिळलं असतं. तू आम्हाला ओळखलंच नाहीस, हे गिळवत नाही.

"जुनी प्रत असेल ना तुझ्याकडं? पायलचं तेवढं दे, कांताबाईसाठी."

"नाही. सगळं दिलं. ठेवाचं नाही असं लिहून घेतलं त्यायनं."

"आणि तू दिलंस लिहून."

मी निघाले. लिफ्टपर्यंत तुझ्या काठीचा आवाज मागून येत होता. दार बंद होताना तू म्हणालास, "सुजाताचं कसं हाय?" मी उत्तर द्यायच्या आत लिफ्ट खाली निघाली.

मी सुजाताच्या नावानं त्यांचं सदस्यत्व घेऊन पाहिलं. आत गेले, पायलचं नाव शोधलं. नव्हतं. कोणाचंच नाव नव्हतं. आपण सगळ्यांनी जे लिहिलं होतं ते कुठल्याशा यंत्रात घालून त्यांनी त्याचे लेख बनवले होते, गुळगुळीत, एकसारखे. 'हिवाळ्यात रुग्णांना हाडांच्या वेदना वाढल्याचा अनुभव येतो. उबदार कपडे वापरावेत.' मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. पायलचं सुटर त्यात कुठंतरी विरघळलं होतं. कांताबाईला मी फोनवर सांगितलं की तिचं लिहिलेलं आता राहिलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पहिले पोरगी गेली, आता तिचं बोलणं बी गेलं म्हणा." आणि मग, थोड्या वेळानं, "दिनेशभाऊले माहीत हाय हे?"

मी म्हटलं, हो. माहीत आहे.

सदस्यत्व बंद करायला गेले तर तेही सोपं नव्हतं. दर पानावर विचारत, नक्की जाणार का, काय आवडलं नाही, आणखी थोडं थांबून बघता का. आम्हाला घालवताना एका शब्दाचं कारण द्यायला जागा नव्हती, आणि आम्ही जायचं म्हटलं तर कारणांची ही लांबलचक रांग. तू तिथं नोकरीला होतास. हे पान तू पाहिलंच असशील. काय वाटलं असेल तुला?

मग आम्ही दुसरी जागा केली. साधी, ओबडधोबड. सुजातानं बांधली. ती आता संगणकाचंच शिकते आहे, आणि ते वेड तिला तुझ्या मांडीवरच्या त्या लॅपटॉपवरून लागलं हे मी नाकारत नाही. हळूहळू लोक आले. काहींनी जुनं आठवून पुन्हा लिहायचा प्रयत्न केला, पण दुखत असताना लिहिलेलं बरं असताना आठवत नाही. चूर्णवालाही आला आणि त्यानं पुन्हा तेच लिहिलं. या वेळी मी पुसलं. खाली लिहिलं, "रंजनानं पुसलं, कारण यानं जीव जाऊ शकतो." तू असतास तर माझ्याशी भांडला असतास. मी तुझी वाट पाहिली, खरंच. वाटलं, एवढ्यासाठी तरी येशील, दुसऱ्या नावानं का होईना, आणि खाली लिहिशील की रंजना, तू चुकून राहिली. तू आला नाहीस.

एकदाच दिसलास, दवाखान्याच्या व्हरांड्यात. काठीशिवाय चालत होतास. नवा खुबा बसला होता. तुला तसं सरळ चालताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की या प्रत्येक पावलाखाली आमच्या ओळी आहेत. तू हात वर केलास. मीही केला. मधे एक स्ट्रेचर आलं, आणि ते गेलं तेव्हा तू वळून गेला होतास.

खुबा बदलून मिळाला, पण रक्त बदलून मिळत नाही. या थंडीत त्या वाकड्या पेशी छातीत अडकल्या आणि तू गेलास.

त्याच दिवशी संध्याकाळी कांताबाईचा फोन आला. आवाज साफ होता, खोकला नव्हता. म्हणजे कामावर गेली नव्हती.

"ताई, मले लिहाचं हाय. घेतं काय लिहून?"

मी लॅपटॉप उघडला. ती सावकाश बोलली, थांबून थांबून, आणि मी लिहीत गेले. "दिनेशभाऊ गेला. लय वाईट झालं. माह्या पायलले दुखे तवा तो फोन करे, अर्धा अर्धा घंटा बोले, तिले हासवे. स्वतःले दुखत असलं तरी बोले. ते मी मरेलोक नाही भुलणार. पण माह्या पोरीचं बोलणं त्यानं देऊन टाकलं अन् मले विचारलं नाही. ते मी माफ केलं नाही. तो गेला म्हणून बी नाही केलं." मग म्हणाली, "झालं. टाक आता." मी टाकलं.

दुसऱ्या दिवशी रेखाचा फोन आला. तुझी रेखा माझ्याशी कधी फार बोलली नव्हती. तिनं कांताबाईचं वाचलं होतं.

"ताई, ते काढून टाका ना. घरी पाहुणे बसून हाय, सगळे मोबाइलवर पाहून राहिले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊ द्या, मंग पायजे तर ठेवा."

मी तुझ्यावर इतकी चिडलेली होते, दिनेश, तरी तिच्या त्या आवाजापुढे माझं बोट बटणापर्यंत गेलं. खरं सांगते. काय बिघडलं असतं? चार दिवसांचा प्रश्न होता. कांताबाईला मी समजावलं असतं. तुझ्या बायकोसाठी कोणीही केलं असतं.

"रेखा," मी म्हटलं, "मला नाही काढता येणार. पण तुला काही म्हणायचं असेल तर सांग, त्याच्या खालीच लिहिते. तू म्हणशील ते."

मागं कोणीतरी चटया उचलत होतं, भांडी वाजत होती. मग ती म्हणाली, "लिहा मंग."

"मी रेखा. दिनेशची बायको. नोकरी घे म्हणून मी त्याच्या मागं लागली होती. तो नाही म्हणे. म्हणे, लोकायले विचारतो. मी म्हटलं, विचारशीन तर कोणी ना कोणी आडवं येईन, अन् कंपनी दुसऱ्याले नोकरी देईन. तू साऱ्या जगाचे पोरं वाचवतं, माह्या पोराच्या बापाले कोण वाचवन? म्हणून त्यानं विचारलं नाही. माझं बी चुकलं असन. पण मले तो अजून थोडा पाह्यजे होता. तुमचा राग असन तर अर्धा माह्यावर धरा."

मी ते लिहिलं. म्हणजे तू विचारणार होतास. तुझ्या मनात आलं होतं. आणि त्या दुपारी, मी तुझ्या घरात उभी राहून इतकं बोलत असताना, तू एका शब्दानं रेखाचं नाव घेतलं नाहीस. सगळं अंगावर घेतलंस. हे कळून राग कमी झाला असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. राग थोडा सरकला, एवढंच. कारण बटण तर तूच दाबलंस. बायकोनं नोकरी घे म्हटलं होतं, मला पुसून टाक असं तिनं म्हटलं नव्हतं.

कांताबाईला मी रेखाचं फोनवर वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं. म्हणाली, "पोरगं केवढं हाय तिचं?" मी सांगितलं, नववीत. "बरं," ती म्हणाली, "कधी हाय कार्यक्रम? मी येतो."

काल ती आली. पहाटेच्या एसटीनं, एकटी. तुझ्या घरात बुद्धवंदना झाली, लोक बोलले, कंपनीकडून कोणीतरी मोठा हार पाठवला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा मी नाही म्हटलं. तिथं मला जे बोलायचं होतं ते त्या हाराशेजारी उभं राहून बोलता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे इथं लिहिते आहे, त्या दोघींच्या खाली, उघड्यावर, माझ्या नावानं. तुला वाचता येणार नाही हे मला माहीत आहे. पण इतरांना येईल, आणि कोणाला पटलं नाही तर तो खाली लिहील.

जेवणं झाल्यावर कांताबाई स्वयंपाकघराच्या दाराशी रेखाजवळ जाऊन बसली. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. मला भीती वाटत होती, आता काय होतं म्हणून. मग रेखानंच विचारलं, "कशी होती वं तुमची पोरगी?"

कांताबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. पायल शाळेतून आल्यावर दप्तर कुठं फेकायची, तिला कशावरून हसू यायचं, दुखायला लागलं की कोणाला शिव्या द्यायची, सगळं. बाहेर खुर्च्या उचलत होते, कोणीतरी निघायची घाई करत होतं. रेखा भिंतीला टेकून ऐकत राहिली. मधेच ती म्हणाली, "हे तर तो बी सांगे मले, तिचं हासणं," आणि दोघीही रडायला लागल्या.

हे ऐकायचं काम तुझं होतं, दिनेश. तू असायला हवा होतास तिथं.